दोन विती, चार बोटं

जोतीराम शेडगेनं एकतीस वर्षं पोती वाहिली. आधी मशीद बंदरच्या गोदामांत, आणि दाणाबाजार खाडी ओलांडून तुर्भ्याला आला तेव्हा तिथं. शंभर किलोचं पोतं. दोघांनी कोपरे धरून उचलून द्यायचं, तिसऱ्यानं पाठ खाली आणून घ्यायचं. पाय जमिनीवर सपाट. टाच उचलली की माणूस गेला. हे त्याला कुणी शिकवलं नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा पडला, मग पडला नाही.

एक गोष्ट मात्र त्याला शिकवावी लागली. पाटणच्या डोंगरातून नुकताच आलेला जोतीराम एका दुपारी दमून तांदळाच्या थप्पीवर टेकला होता. मुकादमानं लांबून पाहिलं. ओरडला नाही. जवळ येऊन म्हणाला, "ऊठ. मालावर बसायचं न्हाय. कुनाच्या तरी पोटात जायाचंय ते."

त्या दिवसापासून जोतीराम जमिनीवर बसला. थप्पीला पाठ टेकवायची, बूड टेकवायचं नाही. टोळीत बाकीचेही पाळायचे, पण याच्या ते अंगातच गेलं. पुढं कुणाच्या घरी खुर्ची दिली तरी "बरा हाय हितं," म्हणून भिंतीला टेकून खाली बसायचा. लोक म्हणायचे, गरीब स्वभावाचा माणूस. स्वभावाचा काही संबंध नव्हता.

काम सुटलं तेव्हा कोपरखैरण्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं. मुलगी वैशाली लग्न होऊन कराडला गेलेली. घरात तो आणि बायको मुक्ताबाई.

त्या घराची बाहेरची खोली मुक्ताबाईची होती. दुपारचे तीन वाजले की बिल्डिंगमधल्या पाच-सहा बायका तिथं वाकळ शिवायला जमायच्या. जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरायची, चारी बाजूंनी बसायचं आणि टाके घालत मधे सरकायचं. सुरुवात मुक्ताबाईच्या कोपऱ्यातून. तिचा टाका तांदळाएवढा आणि ओळ सुतात. दुसरीचा टाका लांब पडला की तिला बसल्या जागेवरून दिसायचा.

"ह्यो कुनी घातलाय? पोराचं बोट अडकंल त्यात. उसव."

"अगं अक्का, एकच हाय की."

"एकच हाय म्हनूनच उसव."

शेजारच्या गोजराला ती रोज एकदा तरी उसवायला लावायची, आणि तरी गोजराच सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मुक्ताबाई मोरीच्या उंबऱ्यावर घसरली. खुबा मोडला. आत सळई घातली. डॉक्टरांनी घरी सोडताना तीन गोष्टी सांगितल्या. जमिनीवर बसायचं नाही. पाय लोंबता ठेवायचा नाही. आणि बूड गुडघ्याच्या खाली जाईल अशा सखल जागी कधी बसायचं नाही. जोतीरामनं तिन्ही पाठ केल्या.

आतल्या खोलीत मोरीजवळ, दाराला लागून लोखंडी कॉट टाकली. त्या कॉटवरून उठणं हे मुक्ताबाईचं काम झालं. चांगला पाय आधी खाली. मग काठापर्यंत सरकायचं. दोन्ही हात गादीवर रोवायचे, पुढं झुकायचं आणि एका दमात उभं राहायचं. दोन महिने जोतीरामचा हात लागला. तिसऱ्या महिन्यात तिनं तो झटकला.

"सोडा. माझी मी उठते."

उठली. घामानं कपाळ भिजलं, काठी भिंतीवर आपटली, पण उठली. जोतीराम बाहेरच्या खोलीत गेला आणि डोळे पुसून परत आला. त्यानंतर दिवसातून चार-पाच वेळा ती आपली आपण उठायची, मोरीत जायची, परत यायची. कुणाला हाक मारायची नाही.

पण बाहेरच्या खोलीत बसायला तिला जागा नव्हती. वाकळ अर्धी राहिली होती. बायका सुरुवातीला आत आल्या, कॉटभोवती उभ्या राहिल्या. उभं राहून शिवता येत नाही. हळूहळू त्या यायच्या थांबल्या. एकटी गोजरा येऊन कॉटच्या पायथ्याशी बसायची, इकडचंतिकडचं सांगून जायची. अर्धी वाकळ घडी करून उशाला ठेवली होती, सुई तशीच टोचलेली.

"कॉट भाईर आणतो," जोतीराम एकदा म्हणाला.

"आणि मी काय तितं मांडून बसू? येनाऱ्याजानाऱ्यानं बगावं, दुखनेकरी जगलीय का मेली?"

"मग खुर्ची आणतो."

"खुर्चीत पाय लोंबतोय. सांजच्याला भोपळा हुतोय त्याचा. इसरलासा?"

तो विसरला नव्हता. वाशीहून तिची औषधं आणताना त्याला एका दुकानाच्या काचेमागं सोफा दिसला. चार तुकड्यांचा. तीन तुकडे बसायचे आणि एक लांब, पाय पसरायचा. असा सोफा त्यानं पाहिला नव्हता. तो काचेसमोर बराच वेळ उभा राहिला. घरी येऊन मुक्ताबाईला सांगितलं. पाय लांब करून बसता येईल. वाकळीचा कोपरा मांडीवर घेता येईल. बायका खाली बसतील आणि ती वर, पण एकाच खोलीत.

मुक्ताबाई ऐकत राहिली. मग तिनं उशाची वाकळ ओढून मांडीवर घेतली आणि सुई काढून पाहिली. गंजली होती.

"कलर कंचा आणू?"

"कलर काय करायचाय? माझी मला उठाय येवं, येवढं बगा."

"कॉटयेवढीच उंची मापून आणतो की."

"मापूनच आना," ती म्हणाली. "दुसरं काय बी नसलं तरी चालंल."

दुसऱ्या दिवशी त्यानं कॉट मापली. जमिनीपासून गादीच्या काठापर्यंत दोन विती आणि चार बोटं. दोनदा मापली. जिन्याच्या वळणाची रुंदीही सुतळीनं घेतली आणि सुतळीला गाठ मारली. पायऱ्या मोजायची गरज नव्हती. अडतीस होत्या. म्हणूनच मुक्ताबाईला दुकानात नेता येत नव्हतं.

बरोबर टोळीतला जुना गडी हिंदुराव होता. टेम्पो त्याच्या पुतण्याचा. दुकानात टाय लावलेला प्रसाद नावाचा विक्रेता पुढं आला.

"या काका. बसून बघा ना."

"माल हाय तुमचा," जोतीराम म्हणाला.

"अहो, बसण्यासाठीच आहे!"

"इकल्यावर."

हिंदुराव मागून म्हणाला, "बस की लेका. एकतीस वर्सांत पयल्यांदा कुनी बस म्हनतंय."

"तू बस."

"माजी प्यांट मळकी हाय," हिंदुराव म्हणाला आणि हात मागं बांधून उभा राहिला.

प्रसादनं कुणासाठी घ्यायचाय ते विचारून घेतलं आणि आधी एक वेगळाच सोफा दाखवला. साधा, लाकडी हातांचा, बैठक कडक. "आजींना उठताना हाताला आधार मिळेल. पेशंट असतील तर मी हाच देतो."

जोतीरामनं त्याची एक बाजू दोन बोटांनी उचलली. सहज उचलली गेली. त्यानं ती खाली ठेवली.

"हलका हाय. आत काय भुस्सा भरलाय?"

त्याचं गणित साधं होतं. जड तो माल खरा. पोतं उचलताना हलकं लागलं की आत काहीतरी कमी असतं. बाजारात हे गणित त्याचं कधी चुकलं नव्हतं.

मग तो चार तुकड्यांच्या सोफ्याकडं वळला. मातकट तपकिरी मखमल, फुगलेल्या गाद्या. त्यानं शिवण दोन्ही अंगठ्यांनी ओढून पाहिली. टाका बारीक होता. मुक्ताबाई नाव ठेवणार नाही. खालचं लाकूड बोटांनी वाजवलं. एक तुकडा कडेनं उचलला आणि मनगटाला ताण आला तेव्हा मान डोलावली. शेवटी तळवा गादीत दाबला. हात मनगटापर्यंत बुडाला. काढल्यावर गादी सावकाश वर आली आणि होती तशी झाली. त्यानं पुन्हा दाबला. आयुष्यभर मुक्ताबाई शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसली, मग फरशीवर, मग दवाखान्याच्या रबरी चादरीवर. हिच्या अंगाखाली हे असावं, असं त्याला वाटलं.

तो गुडघ्यावर बसला आणि वीत लावली. दोन विती, चार बोटं. दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा लावली. तेवढीच.

"काका, हा खोल आहे हां," प्रसाद म्हणाला. "लोक यात लोळत टीव्ही बघतात. आजींना एकदा घेऊन या."

"अडतीस पायऱ्या हाईत."

"मग तुम्ही तरी बसा एकदा. मी कुणाला सांगणार नाही."

"उंची मापली की," जोतीराम म्हणाला. "जमतंय."

दुकानाची माणसं तुकडे वर चढवणार होती. जोतीरामनं त्यांना जिन्यात थांबवलं. भिंतीला घासतील, कोपरे मारतील. त्यानं आणि हिंदुरावनं चारही तुकडे वर नेले. लांबका तुकडा वळणावर उभा करावा लागला. जोतीराम खाली, भार सगळा त्याच्या अंगावर. पासष्टी ओलांडलेल्या पाठीनं तो घेतला. वर आल्यावर हिंदुराव जिन्यातच बसला. जोतीराम उभा होता आणि हसत होता. शेजारपाजारच्यांनी त्याला असं हसताना क्वचितच पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता गोजरानं बायका गोळा करून आणल्या. भिमाबाई आली, सुंदराबाई आली, खालच्या मजल्यावरची दुर्गाबाई नवी सुई घेऊन आली. मुक्ताबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. कॉटवरून ती आपली आपण उठली. काठी टेकत बाहेर आली. सोफ्यापाशी पोचून सावकाश वळली, एक हात त्याच्या पाठीला टेकवला आणि बसली.

बसली ती खाली खालीच गेली.

"अगं बाई!" ती ओरडली, आणि सगळ्या हसल्या.

"म्हारानी झालीस गं अक्का!"

"पालखीत बसल्यागत दिसतीया!"

गोजरानं तिचे पाय उचलून लांब तुकड्यावर ठेवले, पाठीमागं दोन उश्या सरकवल्या, तरी पाठ पोचेना म्हणून तिसरी घातली. मुक्ताबाईही हसत होती. वाकळ फरशीवर पसरली, तिचा कोपरा मांडीवर दिला. तिनं दोरा ओवला. पहिला टाका घातला, दुसरा घातला, आणि मान वर करून म्हणाली, "भिमे, तुजं टाकं हितनं दिसत्यात बरं का मला."

जोतीराम आतल्या दारात उभा होता. त्याला मुक्ताबाईचे गुडघे दिसले. ते तिच्या कमरेच्या बरेच वर आले होते. डॉक्टरांची तिसरी गोष्ट त्याला आठवली. तो काही बोलला नाही, कारण ती हसत होती.

तासभर गेला. गोजराचा एक टाका उसवून झाला. मग मुक्ताबाईचं बोलणं कमी झालं. तिनं सुई वाकळीत टोचून ठेवली आणि जोतीरामकडं पाहिलं. त्याला कळलं. मोरीत जायचं होतं.

तिनं चांगला पाय खाली घेतला. दुसरा सावकाश ओढला. आता काठापर्यंत सरकायचं होतं. ती सरकली नाही. अंग खड्ड्यात होतं आणि काठ वर होता. तिनं दोन्ही हात गादीवर रोवले. हात मनगटापर्यंत बुडाले. पुढं झुकली, अंग जरा उचललं, आणि पुन्हा मागं गेली. बायकांनी शिवणं थांबवलं नाही, पण बोलणं थांबवलं. तिनं पुन्हा हात रोवले. पुन्हा मागं गेली. तिसऱ्यांदा तिचा श्वास मोठ्यानं ऐकू आला.

"धरा," ती म्हणाली.

जोतीराम पुढं झाला. उचलायचं तर भार अंगाजवळ लागतो आणि पाय भाराखाली लागतात. इथं सोफ्याचं लाकूड नडग्यांना अडत होतं आणि मुक्ताबाई हातभर आत होती. असं ओणवून, हात लांब करून भार उचलायचा नाही, हे पोरसवदा हमालालाही कळतं. त्यानं तिच्या काखेत हात घातले आणि उचललं. कालच्या पायऱ्यांनी आधीच अवघडलेल्या पाठीत कळ उठली आणि डाव्या पायापर्यंत गेली. हातातली पकड सुटली. मुक्ताबाई परत गादीत पडली.

गोजरा उठून आली. दोघांनी मिळून ओढलं. मखमलीवर लुगडं घसरलं, ती तिरकी झाली, दुखरा पाय अवघडला आणि ती कळवळली.

"थांबा," ती म्हणाली. "थांबा वो जरा."

हिरव्या लुगड्यावर, मखमलीवर ओल पसरत गेली. मुक्ताबाईनं पदर ओढून तोंडावर घेतला.

सगळ्या बायका खाली टाक्यांकडं बघत राहिल्या. भिमाबाईची सुई कापडात अर्धी शिरलेली होती, ती तिनं ना पुढं ढकलली ना मागं घेतली. शेवटी गोजराच बोलली, "वाकळ सरकवा गं हिच्याखालनं."

अर्धी शिवलेली वाकळ त्यांनी तिच्या अंगाखाली सारली. चौघींनी चार कोपरे धरले. जोतीरामला वाकता येत नव्हतं. तो भिंतीला धरून उभा होता आणि एवढंच सांगू शकत होता, "पाय सपाट ठेवा. टाच उचलू नगा. येका टायमाला. हं, आता."

पोतं उचलतात तशी त्यांनी ती उचलली आणि आत कॉटवर नेऊन ठेवली. पदर तोंडावर तसाच होता.

दिवेलागणीला जोतीराम चहा घेऊन आत गेला. गोजरानं तिला धुवून-पुसून दुसरं लुगडं नेसवलं होतं. ती भिंतीकडं बघत होती.

"मापलं हुतं ना?" तिनं विचारलं.

"मापलं हुतं. दोनदा."

"बसून बगितलंसा?"

त्यानं चहाचा कप तिच्या उशाशी ठेवला.

"दुकानात कुनी बस म्हनलं न्हाई?"

"म्हनलं."

मुक्ताबाईनं त्याच्याकडं पाहिलं. चिडेल असं त्याला वाटलं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं चहाकडं हात केला नाही.

दुकानात तो परत गेला नाही. भिजलेला माल घेणारा परत पाठवतो, विकणारा परत घेत नाही, हे त्याला सांगायला कुणी नको होतं. त्यानं फळ्या आणल्या. पाठ धरलेली, त्यामुळं एक फळी कापायची, मग भिंतीला पाठ लावून आडवं पडायचं, मग दुसरी. चार दिवस गेले. गाद्यांची शिवण एका बाजूनं उसवली, अर्ध्याच्यावर फोम उपसून काढला, खाली फळ्या घातल्या. उसवलेलं परत शिवलं. त्याचा टाका मोठा पडला. काठाला भिंतीतून एक लोखंडी दांडा काढला, धरून उठायला. मखमल दोनदा धुतली. डाग राहिला तो राहिला.

पाचव्या दिवशी, खोलीत कुणी नसताना, तो त्यावर बसला. काठावर नाही, नीट मागं टेकून बसला. विचित्र वाटलं. आपण दुसऱ्या कुणाच्या तरी घरात बसलोय असं वाटलं. मग त्यानं चांगला पाय, दुखरा पाय असं मनाशी धरून, मुक्ताबाईसारखं सरकून, दांडा धरून उठून पाहिलं. उठता आलं. पाठ धरलेली असूनही आलं. बसल्या बसल्या वीत लावून उंची मापली. दोन विती, चार बोटं. आता खाली गेली नाही.

तो आत गेला.

"आता बरुबर झालंय. मी बसून बगितलं."

"बरं झालं."

"चल की. माजा हात नगं धरूस. तुजी तू ऊठ."

"नगं."

"बायकांना सांगत न्हाय. आपुन दोगंच."

"नगं म्हनलं ना." ती भिंतीकडं वळली. जरा वेळानं म्हणाली, "त्यो दाराचा पडदा वडून घ्या."

त्यानं पडदा ओढला. तो पुन्हा उघडला गेला नाही.

बायका आता गोजराच्या घरी जमतात. वाकळ गोजरानं धुवून आणून दिली. ती मुक्ताबाईनं कॉटखाली टाकायला लावली. अधूनमधून कुणी भेटायला येतं, बाहेरच्या खोलीत कडक झालेल्या सोफ्यावर बसतं, विचारतं, "मुक्ताक्का कुठंय?" जोतीराम समोर फरशीवर बसून सांगतो, झोपलीय. आत कॉट करकरते आणि दोघंही ऐकलं न ऐकलं करतात.

खुबा चांगला जुळलाय, असं डॉक्टर म्हणाले. हाडाला काही झालेलं नाही. कॉटही तीच आहे, उंचीही तीच. पण त्या दुपारनंतर मुक्ताबाई कॉटवरूनही आपली आपण उठली नाही. मोरीत जायचं झालं की ती बोलत नाही, हाक मारत नाही. नुसता हात पडद्यातून पुढं करते आणि वाट बघते. पहिले काही दिवस जोतीराम मुद्दाम थांबला. हात तसाच राहायचा.

आता तो थांबत नाही. दिवसातून चार वेळा, रात्री एकदा. जवळ जायचं, पाठ खाली आणायची, पाय सपाट. भार अंगाशी घ्यायचा. ती पूर्वीपेक्षा बरीच हलकी झाली आहे.